क्लॅव्हरहाऊसचा जॉन ग्रॅहम आणि त्याचं लग्न: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॉन ग्रॅहमबद्दल जे प्रश्न येतात त्यांत विचारणारा बहुधा आधीच कौल देऊन बसलेला असतो. काहींना तो खाटीक वाटतो, काहींना वीर. त्याच्या लग्नाबद्दल विचारणारे कमी. खरं तर हा माणूस आतून कसा होता हे लग्नाच्या भानगडीत जितकं दिसतं तितकं त्याच्या कुठल्याच लढाईत दिसत नाही. म्हणून इथे लग्नाला जागा जास्त दिली आहे. सारखे वाटणारे प्रश्न एकत्र केले आहेत.

१. हा जॉन ग्रॅहम नेमका कोण?

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर डंडी नावाचं शहर आहे. त्याच्या जवळची क्लॅव्हरहाऊस ही जमीनदारी या घराण्याकडे होती, म्हणून त्यालाही क्लॅव्हरहाऊसच म्हणतात. वडील सर विल्यम ग्रॅहम. आई लेडी मॅग्डलीन कार्नेगी, म्हणजे नॉर्थेस्कच्या पहिल्या अर्लची मुलगी. त्याचा जन्म १६४८ च्या सुमाराचा. जुन्या पुस्तकांत १६४३ सापडेल, पण ते आता कुणी धरत नाही.

सेंट अँड्र्यूज विद्यापीठात शिकून तो आधी फ्रान्सच्या आणि मग हॉलंडच्या फौजेत राहिला. १६७८ मध्ये मायदेशी परतल्यावर राजा दुसरा चार्ल्स याने त्याला घोडेस्वारांच्या तुकडीचा कप्तान केलं. नैर्ऋत्य स्कॉटलंडमधल्या बंडखोर प्रॉटेस्टंटांचा (प्रश्न ४) बंदोबस्त करणं हे त्याचं काम. १६८४ मध्ये जीन कॉक्रनशी लग्न, नोव्हेंबर १६८८ मध्ये ‘व्हायकाउंट डंडी’ ही पदवी, आणि २७ जुलै १६८९ रोजी किलीक्रँकीच्या लढाईत मृत्यू.

२. ‘ब्लडी क्लॅव्हर्स’ आणि ‘बॉनी डंडी’ हे दोघे वेगळे ना?

नाही, माणूस एकच. पहिलं नाव त्याने ज्यांना छळलं त्यांनी ठेवलेलं, दुसरं पदच्युत स्टुअर्ट राजांच्या चाहत्यांनी. एक वेगळाच घोळही वरचेवर दिसतो. माँट्रोझचा मार्क्विस जेम्स ग्रॅहम हा याच कुळातला, राजाच्याच बाजूचा सेनापती, पण तो आधीच्या पिढीतला. त्याला १६५० मध्ये एडिंबरोत फाशी दिली, तेव्हा आपला जॉन अगदी तान्हा होता.

३. लग्नाच्या वेळी तो उमराव होता का?

काटेकोर अर्थाने नाही. तिथल्या पदव्यांची उतरंड अशी: सर्वांत वर ड्यूक, मग मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि लॉर्ड. त्याखाली ‘लेअर्ड’, म्हणजे पदवी नसलेले जमीनदार. क्लॅव्हरहाऊस आयुष्याच्या शेवटच्या आठ-साडेआठ महिन्यांपर्यंत लेअर्डच होता. त्याची मुलगी बघणी सतत अर्लच्या घरांत चालली होती याचं हेही एक कारण. शौर्य होतं, राजाची मर्जी होती, घराणंही जुनं होतं, पण वरच्या पायरीवर चढायला सोयरीक लागत होती. यात त्याला लाज वाटत होती असं त्याच्या पत्रांवरून तरी दिसत नाही.

४. कव्हेनंटर म्हणजे कोण? त्यांच्याशी याचं वैर कशाचं?

चर्चचा कारभार राजाने नेमलेल्या बिशपांनी चालवायचा की धर्मसभांनी, हा मूळ वाद. धर्मसभा मानणारे ते प्रेस्बिटेरियन. त्यांनी १६३८ मध्ये ‘नॅशनल कव्हेनंट’ नावाच्या प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. त्यातल्या कट्टरांना पुढे कव्हेनंटर हे नाव चिकटलं. १६६० नंतर राज्य पुन्हा स्टुअर्टांकडे आलं, बिशपही परत आले. नोकरीवरून काढलेले धर्मोपदेशक मग माळरानावर चोरून प्रार्थनासभा घेऊ लागले. माणसं हत्यारं घेऊन येत. सरकारने या सभा गुन्हा ठरवल्या, आणि त्या मोडून काढायला क्लॅव्हरहाऊससारख्यांना पाठवलं.

१ जून १६७९ रोजी ड्रमक्लॉगला अशाच एका सभेवर चाल करून गेला असता त्याने सपाटून मार खाल्ला. आयुष्यातला त्याचा एकमेव ठळक पराभव तो हाच. तीन आठवड्यांनी बॉथवेल पुलावर सरकारी फौजेने बंड मोडलं, पण तिथे सेनापती मनमथचा ड्यूक होता, क्लॅव्हरहाऊस नव्हे.

५. जीनच्या आधी त्याचं दुसरीकडे जमत होतं असं वाचलं. खरं का?

खरं आहे, आणि ते प्रकरण बरंच लांबलं. मेंटीथच्या अर्लला मूलबाळ नव्हतं. वारस म्हणजे आयर्लंडमधला एक काका, आणि त्या काकाची मुलगी हेलन ग्रॅहम. क्लॅव्हरहाऊसचा बेत सरळ होता: हेलनशी लग्न करायचं आणि अर्लची पदवी पुढे आपल्याकडे वळेल अशी तजवीज करून घ्यायची. मुलीच्या आईवडिलांना त्याने मध्यस्थांकरवी कळवलं की हुंड्याचं काही नाही, नेसत्या वस्त्रानिशी दिली तरी चालेल. याला कुणी प्रेम म्हणतात. मला तो व्यवहार वाटतो. ज्याची नजर अख्ख्या पदवीवर आहे त्याला हुंडा सोडणं जड जात नाही.

मध्येच त्याचा भाऊबंद, त्या वेळचा माँट्रोझचा मार्क्विस, याने आधी मदतीचं सोंग केलं आणि मग स्वतःच हेलनसाठी हालचाली सुरू केल्या. शेवटी दोघांनाही ती मिळाली नाही. तिचं लग्न आयर्लंडमधल्या सर आर्थर रॉडनशी झालं.

६. जीन कॉक्रन कोणाची? या लग्नावर एवढा गदारोळ का झाला?

जीन ही डनडॉनल्डच्या पहिल्या अर्लची नात. तिचे वडील, लॉर्ड कॉक्रन, १६७९ मध्येच वारले होते. आई लेडी कॅथरिन ही कॅसिल्सच्या केनेडी घराण्यातली, म्हणजे माहेरापासून पक्की प्रेस्बिटेरियन. जीनचे काका, ऑकिल्ट्रीचे सर जॉन कॉक्रन, राजाविरुद्धच्या कटाच्या आरोपावरून फरार होते.

थोडक्यात, ज्या माणसाची नोकरी कव्हेनंटरांना हुडकून काढण्याची, त्याने सोयरीक जुळवली ती त्यांच्याबद्दल सहानुभूती असलेल्या घरात. मुलीकडे आई संतापली. मुलाकडे वरिष्ठांच्या भुवया उंचावल्या.

७. मग त्याने हे लग्न केलंच का? प्रेम, पैसा की राजकारण?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि इथे त्याचीच पत्रं कामाला येतात. मे १६८४ मध्ये, लग्नाआधी काही आठवडे, त्याने क्वीन्सबेरीला लिहिलं. क्वीन्सबेरी तेव्हा स्कॉटलंडचा खजिनदार होता आणि राजाच्या भावाच्या, म्हणजे यॉर्कचा ड्यूक जेम्स याच्या, कानाशी लागणारा. पत्राचा सूर हजेरी घेतली जाण्याआधीच खुलासा देणाऱ्या कारकुनाचा आहे.

त्यातले तीन मुद्दे बघण्यासारखे आहेत. एक: मी या लोकांत जाऊन त्यांना बरं करीन, प्रेस्बिटेरियनांच्या रोगाची लागण मला होणार नाही. दोन: प्रेम असो की आणखी कुठला खुळेपणा, माझी राजनिष्ठा त्याने हलत नाही, हे मी जगाला दाखवून देईन. आणि तीन, जे मला सर्वांत मोलाचं वाटतं: मुलीची हमी मी देतो, ती योग्य विचारांची नसती तर आई आणि नातलगांचा विरोध पत्करून तिने माझ्यासारखा, त्यांच्या भाषेत ‘छळवादी’, माणूस निवडलाच नसता.

म्हणजे निवड तिची होती. आईच्या नाकावर टिच्चून ती या लग्नाला उभी राहिली, आणि हे आपल्याला कळतं ते नवऱ्याने साहेबाला लिहिलेल्या खुलाशातून. ‘प्रेम’ हा शब्द त्याने खुळेपणाच्या रांगेत बसवला आहे खरा, पण तो लिहावासा वाटला हेही खरं. हेलनच्या वेळी हिशोब उघड दिसतो. इथे मात्र हिशोबाने पाहिलं तर नुकसानच जास्त होतं. अर्लची नात मिळत होती, पण ती संशयित घरातली. फक्त वर चढायचं असतं तर त्याहून सोप्या जागा होत्या.

नुकसान झालंही. त्याच सुमारास हॅमिल्टनच्या ड्यूकची मुलगी सुझॅना हिचं जीनच्या भावाशी ठरलं. संशयित घरात मुलगी देण्यापूर्वी ड्यूकने वरून परवानगी मागितली. त्याने विचारलं, मग क्लॅव्हरहाऊसने का नाही, अशी कुजबुज सुरू झाली. क्लॅव्हरहाऊस चिडला, हा आपल्यावर नेम धरून मारलेला टोला आहे असं त्याला वाटलं. पुढच्या वर्षी क्वीन्सबेरीशी त्याचं बिनसलं आणि त्याला प्रिव्ही कौन्सिलमधून, म्हणजे राजाच्या मंत्रणा मंडळातून, वगळलं. तेव्हा पुढे केलेलं कारण हेच, की कट्टरांच्या घरात लग्न केलेल्या माणसाला राजाची गुपितं सांगणं धोक्याचं. खरं कारण भांडण होतं, पण लग्नाने विरोधकांच्या हाती आयतं कोलीत दिलं. काही महिन्यांतच त्याला परत घेतलं.

८. लग्नाच्या दिवशीच नवरदेव घोड्यावर बसून निघून गेला, ही दंतकथा आहे का?

दंतकथा नाही. लग्न मंगळवारी, १० जून १६८४ रोजी पेझलीला झालं. तिथल्या जुन्या मठाची वास्तू जीनच्या आजोबांच्या मालकीची होती. आदल्या रविवारी ब्लॅक लॉक या तळ्याकाठी हत्यारबंद कव्हेनंटरांची मोठी सभा भरल्याची बातमी आली. ग्लासगोहून जनरल डॅलझेलचा निरोप, की निघा. लग्न उरकून तो त्याच दिवशी पाठलागावर निघाला आणि त्यानंतरचे दिवस माळरानं, दलदली तुडवत राहिला. हाती काही लागलं नाही. या कुत्र्यांनी निदान मंगळवार तरी जाऊ द्यायचा होता, अशा अर्थाची त्याची चरफड पत्रात आहे.

विरोधक म्हणतात, बघा, लग्नाच्या रात्रीही याला शिकार सुचते. पण ते पत्र शिकाऱ्याचं वाटत नाही, रजेच्या दिवशी कामावर बोलावलेल्या माणसाचं वाटतं. शिवाय प्रश्न ७ लक्षात घ्या: त्या आठवड्यात तो घरी बसून राहिला असता तर ‘सासरच्यांना सांभाळतोय’ असं बोलायला अख्खं एडिंबरो टपलेलं होतं.

९. लग्नानंतर ही दोघं राहिली कुठे?

डंडीतल्या डडहोप किल्ल्यात. हा किल्ला मूळ स्क्रिमजर घराण्याचा. त्यांच्यातला डंडीचा अर्ल १६६८ मध्ये निपुत्रिक वारला तेव्हा सत्तेतल्या लॉडरडेलच्या भावाने, मेटलंडने, तो बळकावला. पुढे हा मेटलंड टाकसाळीतल्या अफरातफरीत सापडला, आणि किल्ला क्लॅव्हरहाऊसकडे आला. तो मिळावा म्हणून त्याने दरबारात किती खेटे घातले, किती गळ घातली, ते वाचताना कंटाळा येतो.

किल्ल्याबरोबर शहराचा न्यायाधिकारही आला. सप्टेंबर १६८४ मध्ये, लग्नाला तीन महिने झाले असताना, त्याने प्रिव्ही कौन्सिलकडे अर्ज केला की डंडीच्या तुरुंगात किरकोळ चोऱ्यांसाठी फाशीच्या वाटेवर असलेले काही कैदी आहेत, त्यांना सौम्य शिक्षा देण्याची मुभा द्यावी. मुभा मिळाली. ज्यांना तो निव्वळ राक्षस वाटतो त्यांनी हा कागद बघावा. ज्यांना तो संत वाटतो त्यांनी पुढचं उत्तर वाचावं.

१०. जॉन ब्राउनला त्याने बायकोसमोर स्वतः गोळी घातली का?

१ मे १६८५ रोजी प्रीस्टहिल इथल्या जॉन ब्राउनला त्याच्या घराजवळ खटल्याविना ठार केलं, आणि हुकूम क्लॅव्हरहाऊसचा होता. यात वाद नाही, कारण ३ मेच्या पत्रात त्याने स्वतःच तसं कळवलं आहे: ब्राउनने राजाविरुद्धच्या जाहीरनाम्याचा निषेध करणारी शपथ घ्यायला नकार दिला, घरात गोळ्या आणि राजद्रोही कागद सापडले, म्हणून त्याला गोळी घालायला लावली. पत्रात खेद नाही, फुशारकीही नाही.

वाद आहे तो पुढच्या तपशिलावर. कव्हेनंटरांच्या बाजूच्या एका वृत्तांतात सैनिकांनी हात आखडला म्हणून त्याने स्वतः पिस्तूल झाडलं. दुसऱ्या वृत्तांतात सहा सैनिकांनी गोळ्या घातल्या. दोन्ही त्याच बाजूचे, दोन्ही खूप नंतर लिहिलेले. गोळी कुणी झाडली यावरून जबाबदारी बदलते असं मला वाटत नाही. त्या काळी कायद्याने अशी मुभा होती हे त्याच्या बचावात सांगतात. ते खरं आहे. तो कायदाच तसा होता, हेही खरं आहे.

११. विगटाउनच्या दोन बायकांना समुद्रात बुडवणारा हाच ना?

नाही. मे १६८५ मध्ये मार्गारेट विल्सन आणि मार्गारेट मॅकलॉकलन यांना भरतीच्या पाण्यात खांबाला बांधून बुडवलं. शिक्षा देणाऱ्यांत जॉनचा धाकटा भाऊ डेव्हिड ग्रॅहम होता. आडनावामुळे पाप थोरल्याच्या नावावर जमा होतं.

१२. जीन नवऱ्याचं आडनाव लावत होती का?

स्कॉटलंडमध्ये तेव्हा लग्न झालेल्या बाईचं माहेरचं आडनाव कायम राहत असे. म्हणून कागदोपत्री ती जीन कॉक्रनच. ‘लेडी डंडी’ झाली ती नोव्हेंबर १६८८ पासून, नवऱ्याला पदवी मिळाल्यावर.

१३. १६८९ मध्ये सगळे बाजू बदलत असताना हा का बदलला नाही? आणि तेव्हा बायको कुठे होती?

१६८५ मध्ये यॉर्कचा ड्यूक सातवा जेम्स म्हणून स्कॉटलंडच्या गादीवर आला होता. १६८८ च्या शेवटी तो फ्रान्सला पळाला आणि जावई विल्यम ऑफ ऑरेंज लंडनमध्ये आला. याच विल्यमच्या फौजेत क्लॅव्हरहाऊसने तरुणपणी नोकरी केली होती, तेव्हा जुळवून घेणं त्याला अवघड नव्हतं. पण त्याचं सगळं आयुष्य जेम्सच्या शब्दावर उभं होतं. प्रेमानेही जी हलणार नाही म्हणून लिहून दिली होती (प्रश्न ७), ती निष्ठा इथे पणाला लागली, आणि तो शब्दाला जागला.

मार्च १६८९ मध्ये गादी कुणाला द्यायची हे ठरवायला एडिंबरोत भरलेल्या सभेतून तो घोडेस्वार घेऊन बाहेर पडला आणि सरळ घरी गेला, कारण जीनचे दिवस भरत आले होते. हजर व्हा म्हणून हुकूम आला तेव्हा त्याने निदान बायको बाळंत होईपर्यंत मुदत मागितली. ३० मार्चला त्याला बंडखोर घोषित केलं. एप्रिलमध्ये मुलगा झाला, त्याचं नाव राजाच्या नावावरून जेम्स ठेवलं. त्याच महिन्यात बापाने डंडीजवळच्या टेकडीवर जेम्स राजाचं निशाण फडकवलं आणि डोंगराळ मुलखाकडे निघाला.

जीन मागे राहिली ती नुसती वाट बघत नव्हती. डंडीत सरकारी घोडदळ होतं, त्यातले काही अधिकारी आतून जेम्सच्या बाजूचे. विल्यम लिव्हिंगस्टन हा त्यांतला प्रमुख. त्यांची आणि नवऱ्याची गाठ घालून देण्याच्या खटपटीत तिचा हात होता. बेत फसला, लिव्हिंगस्टन पकडला गेला. हे नाव लक्षात ठेवा.

१४. तो चांदीच्या गोळीने मेला म्हणतात. का?

सैतानाशी करार असल्यामुळे शिशाची गोळी त्याला लागत नाही, असा कव्हेनंटरांचा समज. मग मेला कसा? तर चांदीच्या गोळीने. श्रद्धेत एकदा फट पडली की ती अशी बुजवावी लागते.

झालं ते असं: २७ जुलैच्या संध्याकाळी किलीक्रँकीच्या खिंडीवरच्या उतारावरून त्याचे हायलँडर, म्हणजे डोंगराळ मुलखातले लढवय्ये, विल्यमच्या बाजूच्या जनरल मॅकेच्या फौजेवर तुटून पडले. मॅकेकडे माणसं बरीच जास्त होती, पण संगिनी बंदुकीच्या नळीतच खोचायच्या असत, त्या बसवेपर्यंत तलवारी अंगावर आल्या. लढाई जिंकली. हल्ल्याच्या सुरुवातीलाच क्लॅव्हरहाऊसला गोळी लागली आणि तो मेला. ब्लेअरच्या जुन्या चर्चमध्ये त्याला पुरलं. विजयाची बातमी देणारं त्याचं म्हणून एक पत्र फिरतं, ते बहुतेक अभ्यासक बनावट मानतात.

१५. जीनचं पुढे काय झालं?

लहानगा जेम्स त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत गेला. काही वर्षांनी जीनने लग्न केलं ते विल्यम लिव्हिंगस्टनशीच. यावरून तिच्याबद्दल मागाहून बरंच वाईटसाईट बोललं गेलं, पण विधवेने नवऱ्याच्या जुन्या साथीदाराशी लग्न करण्यात त्या काळी काही वावगं नव्हतं.

दोघं हॉलंडला गेली. ऑक्टोबर १६९५ मध्ये उत्रेख्तमध्ये ती राहत होती त्या घराचं छत कोसळलं. वर जळणाच्या पीटचा, म्हणजे दलदलीतून काढून वाळवलेल्या मातीच्या ढेकळांचा, साठा भरलेला होता. जीन आणि तिचं तान्हं बाळ दबून मेली, नवरा वाचला. आईचा शाप, देवाचा न्याय, असं पुष्कळांनी म्हटलं. मसाले भरून दोन्ही शव स्कॉटलंडला आणली आणि किलसाइथच्या चर्चमध्ये पुरली. साधारण शंभर वर्षांनी तळघर उघडलं तेव्हा ती जवळजवळ जशीच्या तशी होती, आणि बघायला झुंबड उडाली. लिव्हिंगस्टन पुढे किलसाइथचा व्हायकाउंट झाला, १७१५ च्या स्टुअर्टांसाठीच्या बंडात उतरून सगळं गमावून बसला आणि १७३३ मध्ये रोममध्ये वारला.

१६. वेगवेगळ्या ठिकाणी तारखा दहा दिवसांनी का बदलतात?

स्कॉटलंडमध्ये तेव्हा जुनी ज्युलियन कालगणना होती, ती आजच्या कालगणनेपेक्षा दहा दिवस मागे. इथल्या स्कॉटलंडमधल्या सगळ्या तारखा जुन्या आहेत. नव्या हिशोबाने किलीक्रँकी ६ ऑगस्टला येते. वर्ष मात्र १६०० पासून तिथे १ जानेवारीलाच सुरू होत असे. इंग्लंडमध्ये ते २५ मार्चला, म्हणून जानेवारी ते मार्चच्या इंग्रजी कागदांत वर्षही जपून बघावं.

१७. आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं? याचा भारताशी काही संबंध?

त्याचा स्वतःचा काही नाही. त्याचा राजा दुसरा चार्ल्स याला मात्र पोर्तुगीज राजकन्येशी झालेल्या लग्नाच्या करारात मुंबई मिळाली होती. क्लॅव्हरहाऊस एडिंबरोतून घराकडे निघाला ते १६८९ च्या मार्चमध्ये, आणि त्याच महिन्यात औरंगजेबाने संभाजी महाराजांची हत्या केली. एवढाच योगायोग. जबरदस्तीने साम्य शोधू नये.

१८. स्कॉटलंडला जातोय. काय बघता येईल? वंशज आहेत का?

थेट वंशज नाहीत. मुलगा गेल्यावर पदवी भाऊ डेव्हिडने लावली, पण १६९० मध्ये सरकारने सगळं जप्त केलं आणि तोही परदेशात निपुत्रिक वारला.

डडहोप किल्ला डंडीत सार्वजनिक बागेत उभा आहे. घराण्याचाच क्लेपॉट्स हा छोटा किल्ला शहराच्या पूर्वेला, बाहेरून बघण्यातच मजा. तिथून किलीक्रँकी आणि ब्लेअर किल्ला एका दिवसात होतात. त्याचं चिलखत ब्लेअरला ठेवलेलं आहे. पेझलीचा मठ ग्लासगोहून लोकलने अगदी जवळ. वेळ कमी असेल तर ब्लेअर वगळा, पेझली वगळू नका.